केसपेपरच्या खिडकीवरची पट्टी

मला नोकरीवरून आयुष्यात एकदाच काढलं गेलं, आणि तेही एका पट्टीसाठी. पट्टी म्हणजे कम्प्यूटरच्या पडद्यावर, चौकटीच्या अगदी माथ्याला बसवलेली सहा घरांची आडवी ओळ. प्रत्येक घरात एक छोटं चित्र आणि चित्राखाली एक शब्द. आज तिला टूलबार म्हणतात आणि शाळकरी मुलांनाही ती ठाऊक असते. आम्ही पट्टीच म्हणायचो. मी काय शिकले, कुठल्या हुद्द्यावरून कुठल्या हुद्द्यावर गेले, यात वाचण्यासारखं काही नाही. ही पट्टी मी का बसवली, तिच्यापायी एका माणसाच्या जिवावर कसं बेतलं आणि तरीही ती काढायला मी का नकार दिला, तेवढं सांगते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमच्या सिंधुदुर्गात तेव्हा कम्प्यूटर हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. त्यातला एक मालवणात, एका विश्वस्त मंडळाच्या दवाखान्यात होता. मुंबईत धंद्यात वर आलेल्या एका गाववाल्याने तो देणगी म्हणून दिला होता. आत चालणारा प्रोग्रॅम कोल्हापूरच्या एका छोट्या कंपनीने लिहिलेला. रुग्णांची नोंद करायची, जुना केसपेपर शोधायचा, औषधाला न आलेल्यांची यादी काढायची, एवढीच त्याची कामं. मी त्याच कंपनीत होते. मी वालावलची, वडील कुडाळला शाळेत मास्तर. त्यामुळे आमचे मालक देसाईसाहेब म्हणाले, "विनया, तू तिकडचीच आहेस. जाऊन आठवड्याभरात त्या लोकांना शिकवून ये. मशीन येऊन आठ महिने झाले, कुणी हात लावत नाही म्हणे."

गेले तर मशीन खरंच फडक्याखाली होतं. त्याच्या खोलीत चपला काढून जायचं. कुणीतरी पडद्याला हळदीकुंकूही लावलेलं. आणि ज्यांनी ते चालवायचं, ते तात्या परब त्याच खोलीतल्या केसपेपरच्या खिडकीत बसून, पूर्वीसारखेच कपाटातून कागद काढून देत होते.

तात्या पंचावन्नच्या आसपासचे. सत्तावीस वर्षं त्या खिडकीत बसलेले. अंगाने किडकिडीत, आवाज मात्र ओटीवरून अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे जाईल असा. मी आठवडाभर शिकवायला आले आहे म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "तुझो गाव खंयचो गो?"

"वालावल."

"मग सरळ सांगतंय. ता यंत्र माका लोकांसमोर चूक म्हणता. सत्तावीस वर्सां हयसर बसलंय, डाक्टरसुद्धा माका कधी तसा बोलूक नाय."

म्हणजे काय, ते त्यांनी करून दाखवलं. त्या काळचा प्रोग्रॅम कसा असायचा ते नव्या वाचकांना सांगायला हवं. पडद्यावर रुग्णाच्या माहितीची एक चौकट आणि तिच्या खाली लुकलुकणारी रेघ. त्या रेघेवर हुकूम टाइप करायचा. शोधायला एक हुकूम, नव्या नोंदीला दुसरा, सगळे इंग्रजी अक्षरांचे आखूड तुकडे, असे एकोणीस. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की मशीन पींऽ करून ओरडणार आणि पडद्यावर इंग्रजीत लिहिणार, हुकूम अवैध. तात्या एका बोटाने टाइप करायचे. पहिल्याच आठवड्यात मशीन दिवसाला पन्नास वेळा ओरडलं. बाहेर रांगेत उभी असलेली माणसं हसली. एकाने विचारलं, "तात्यानू, मांजर पाळलास काय?" तात्यांनी त्याच दिवशी मशीनवर फडकं घातलं.

दोन दिवस मी त्यांच्याकडून हुकूम पाठ करून घेतले. तिसऱ्या दिवशी मला माझीच लाज वाटली. दोन हजार माणसांचे कागद कुठल्या खणात आहेत हे ज्याच्या डोक्यात, त्याला मी एकोणीस निरर्थक तुकडे घोकायला लावत होते. न जमण्यात त्यांची चूक काय होती? मी ठरवलं, हुकूम दिसले पाहिजेत. त्यांनी फक्त बोट दाखवावं.

बोट दाखवायची सोय तिथेच पडून होती. मशीनबरोबर देणगीदाराने एक माउसही पाठवला होता. आमचा प्रोग्रॅम त्याला ओळखत नव्हता, म्हणून तो खोक्यातच होता.

दुपारी एक ते चार बाह्यरुग्ण विभाग बंद असायचा. त्या तीन तासांत मी काम करू लागले. प्रोग्रॅमचा मूळ मजकूर माझ्याकडे फ्लॉपीवर होताच. पट्टी बसवायची म्हणजे आधी चौकटीत जागा करायची. पडद्यावर मोजून पंचवीस ओळी. त्यातल्या वरच्या तीन पट्टीला दिल्या की खालचं सगळं तीन ओळींनी सरकवायचं, आणि सरकवताना काही दुसऱ्यावर चढणार नाही हे बघायचं. मग प्रत्येक घराच्या चारही कडांची मापं लिहून ठेवायची. माउसचं बटण दाबलं की बाण कुठे आहे ते मशीन सांगतं. ती जागा कुठल्या घराच्या कडांच्या आत पडते ते प्रोग्रॅमने ताडून बघायचं आणि त्या घराचं काम करायचं. आज हे सगळं आयतं मिळतं. तेव्हा एकेक कड हाताने लिहावी लागायची.

चित्रं मी आलेखाच्या वहीवर काढली. चोवीस चौकोन आडवे, चोवीस उभे, हवे ते पेन्सिलीने काळे करायचे. त्या मशीनला देवनागरी येत नव्हती, म्हणून खालचे शब्दही चित्रासारखेच चौकोन भरून काढले. 'शोधा' या एका शब्दाला माझी एक दुपार गेली. 'धा'ची वरची गाठ काही केल्या नीट येईना.

शोधायच्या घरात मी भिंग काढलं होतं. तात्यांनी वहीत डोकावून बघितलं. "ह्यो डाव कित्याक काढलंस? आमटी वाढूक?"

"डाव नाय तो, भिंग. शोधूक."

"मी भिंगान कधी काय शोधलंय? माका कायय शोधूचा झाला तर पयलो चष्मो लावतंय."

मी भिंग खोडलं आणि चष्मा काढला. नव्या नोंदीला कोरा कागद काढून त्याचा कोपरा दुमडला, तर ते म्हणाले, कुत्र्याने खाल्लेला कागद दवाखान्यात नको. कोपरा सरळ केला. नोंद जपून ठेवायला कपाट. चुकीची नोंद पुसायला खोडरबर. यादीला एकाखाली एक रेघा. आणि छापायला छपाईयंत्र. सहा घरं झाली. ज्या क्रमाने वहीत काढली, त्याच क्रमाने मी ती पडद्यावर बसवली. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

आणखी एक केलं. जुना प्रोग्रॅम नोंद पुसण्याआधी इंग्रजीत प्रश्न विचारायचा, हो की नाही. तात्या वैतागायचे. "सारखा काय विचारता? सांगितला ना एकदा?" मी तो प्रश्न काढून टाकला.

दहाव्या दिवशी तात्यांनी स्वतः फडकं काढलं, घडी करून खणात ठेवलं आणि खिडकी उघडली. माउस सुरुवातीला त्यांच्या हातून टेबलाबाहेर जायचा. मालवणची दमट, खारट हवा, त्यामुळे पोटातला रबराचा गोळा दोन दिवसांत चिकट व्हायचा. तो काढून धुवायला तात्या स्वतःच शिकले. पंधरा दिवसांत ते मशीनवर अशा झोकात बसू लागले की रांगेतली माणसं मान वर करून पडदा बघायची. यंत्र आता त्यांना चूक म्हणत नव्हतं.

देसाईसाहेबांना कळल्यावर दवाखान्याच्या फोनवर त्यांचा आवाज आला. "तुला आठवडाभर शिकवायला पाठवलं होतं. आपण प्रोग्रॅम विकतो, मुलांची चित्रं नाही. ती पट्टी काढ."

मी म्हटलं, "साहेब, आठ महिने कुणी वापरला नाही तो प्रोग्रॅम आज दिवसभर चालतोय. काढायचं कारण सांगा."

मग दवाखान्याचं समाधानाचं पत्र गेलं, तेव्हा त्यांनी पट्टीचा विषय सोडला आणि मला महिन्यातून दोनदा मालवणला जायची परवानगी दिली. मी हवेत होते. गेले की सगळ्या नोंदींची एक प्रत फ्लॉपीवर काढून घ्यायची, एवढीच काळजी मी घेत होते. बाकी माझ्या पट्टीत दोष असेल, हे मनातही आलं नाही.

त्या दवाखान्यात क्षयाचे रुग्ण बरेच. क्षयाचं औषध महिनोन्‌महिने घ्यावं लागतं. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगात ताकद येते आणि माणूस औषध सोडतो, खरा धोका तिथे. म्हणून दर सोमवारी न आलेल्यांची यादी काढायची आणि दवाखान्यातली परिचारिका त्यांच्या घरी जाऊन त्यांना घेऊन यायची. पूर्वी ही यादी तात्या वहीतून काढायचे. पट्टी आल्यावर वही बंद झाली होती.

पट्टी बसवून पाच-सहा महिने झाले असतील. मी गेले त्या दिवशी तात्या नेहमीसारखे बोलेनात. जेवणाच्या सुट्टीत म्हणाले, "देवबागचो सदू दिसाक नाय गो. दोन म्हयने झाले."

"यादीत आसा मा?"

"नाय. तेचाच माका नवल वाटता."

आम्ही चष्म्याचं घर दाबून सदूचं नाव शोधलं. मशीन म्हणालं, असा रुग्णच नाही. वेगवेगळ्या स्पेलिंगने शोधलं. नाही. मग मी कपाटातून जुन्या फ्लॉप्या काढल्या आणि एकेक लावून बघितली. दोन महिन्यांपूर्वीच्या प्रतीत सदू होता, पंधरा दिवसांनंतरच्या प्रतीत नव्हता. मधल्या काळात तो पुसला गेला होता.

कसा, ते समजायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. पट्टीकडे नुसतं बघितलं. कपाटाच्या शेजारी छपाई असायला हवी होती, यादी असायला हवी होती, काहीही चाललं असतं. तिथे खोडरबर होता. वहीत मी कपाट काढलं आणि त्याच्याच शेजारच्या जागेत खोडरबर, म्हणून पडद्यावरही तसंच. जपून ठेवा आणि पुसून टाका, दोन्ही घरं भिंतीला भिंत लावून. त्यात जपल्यावरही चौकट पुढच्या रुग्णासाठी रिकामी व्हायची आणि पुसल्यावरही रिकामीच व्हायची. तात्यांचा हात अर्ध्या इंचाने सरकला तर त्यांना ते कळायला काही मार्गच नव्हता. विचारणारा प्रश्न तर मी स्वतः काढून टाकलेला.

तात्या म्हणाले, "माझ्याच हातान झाला."

मी त्यांना सदूच्या घरची वाट विचारली.

दुपारी आम्ही दोघं देवबागला गेलो. सदू घरापुढे जाळं सांधत बसला होता. तिशीतला माणूस. आम्हाला बघून उठला आणि उठता उठताच त्याला खोकल्याची उबळ आली. तोंडावरचा पंचा त्याने पटकन मुठीत दाबला. त्याच्यावरचं लाल मी बघितलं होतं.

"औषधाक कित्याक येवक नाय रे?" तात्यांनी विचारलं.

सदू सरळपणे म्हणाला, "तुमी बोलवूक येवक नाय. आदी एक दिस चुकलो तरी बाई दारात उभी रवायची. दोन फेरे चुकले तरी कोण इला नाय. म्हटला, नाव काढल्यानी म्हणजे मी बरो झालंय."

त्याची बायको दारात उभी होती, कडेवर लेकरू. ती म्हणाली, "आता कित्याक इल्यात? सगळा संपल्यावर?"

मी तिला सांगितलं, मालवणीतच सांगितलं, की यात सदूची चूक नाही आणि तात्यांचीही नाही, यंत्रातली ती सोय मी केली होती आणि ती चुकीची केली होती. तिला माझी कबुली नको होती. तिने घरात जाऊन सदूचा सदरा आणला आणि त्याच्या हातात दिला.

त्याला दवाखान्यात आणल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सदूला तपासलं आणि आम्हाला बोलावून सांगितलं, सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागेल, आणि दोन महिने रोज एक इंजेक्शन. वाचेल, पण आता एक दिवसही चुकता कामा नये. संध्याकाळपर्यंत मी सगळ्या फ्लॉप्या ताडून बघितल्या. आणखी दोन नोंदी तशाच गेल्या होत्या, एक कानदुखीची, एक केव्हाच उतरलेल्या तापाची. नशीब म्हणायचं, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी मी पट्टी उघडली. खोडरबर उचलून पार उजव्या टोकाला नेला आणि त्याच्या अलीकडे दोन घरांइतकी जागा रिकामी सोडली. प्रश्न परत आणला, पण पुन्हा चौकोन भरून काढलेल्या मराठीत आणि रुग्णाच्या नावासकट: अमक्याची नोंद खरंच पुसायची? आणि पुसलेली नोंद नष्ट न होता एका वेगळ्या फाइलीत जाऊन पडेल असं केलं. तीन दिवसांचं काम. ते पहिल्याच वेळी केलं असतं तर सदूला त्या साठ सुया टोचून घ्याव्या लागल्या नसत्या. हे माझ्या खात्यात आहे आणि तिथेच राहील.

मी स्वतःच देसाईसाहेबांना सगळं कळवलं. चार दिवसांनी ते जीप घेऊन मालवणात हजर. विश्वस्तांची बैठक बोलावली गेली. अध्यक्ष होते एक निवृत्त वकील. डॉक्टरीणबाई होत्या, तात्यांनाही बोलावलं होतं. साहेबांनी आपलं म्हणणं आधीच टाइप करून आणलं होतं. कंपनीच्या एका कर्मचारी मुलीने परवानगी नसताना प्रोग्रॅममध्ये फेरफार केले. ते काढून मूळ प्रोग्रॅम पूर्ववत करण्यात येईल. तो चालवायला कोल्हापूरहून शिकलेला ऑपरेटर मिळेल. सध्याच्या कारकुनाला दुसरं काही काम द्यावं.

तात्या भिंतीला टेकून उभे होते. सत्तावीस वर्षांनंतर दुसरं काही काम म्हणजे फाटकावर बसणं, हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं.

अध्यक्षांनी विचारलं, "परब, ते बटण तुम्ही दाबलंत का?"

तात्या कचेरीतल्या मराठीत म्हणाले, "होय साहेब, मीच दाबलं. जी काय शिक्षा असेल ती मला करा."

मी उभी राहिले. "त्यांनी दाबलं, कारण मी ते तिथे ठेवलं. कुणाचाही हात तिथे गेला असता. चूक माझी आहे, मी ती लिहून देते. पण चूक खोडरबर कुठे ठेवला त्याची आहे, पट्टी असण्याची नाही. ती जागा मी बदलली आहे. पट्टी मी काढणार नाही."

"तू काढणार नाहीस?" साहेब ओरडले. "प्रोग्रॅम कंपनीचा आहे!"

"खिडकी तात्यांची आहे," मी म्हटलं. "त्यांना न वापरता येणारा प्रोग्रॅम तुम्ही आठ महिने इथे ठेवलात आणि दोष त्यांच्या बोटांना दिलात. आता तोच परत बसवून त्यांना हलवायचं म्हणता. मी बसवणार नाही. दुसऱ्या कुणाला पाठवा."

मग तात्या भिंतीपासून पुढे आले. कचेरीतली मराठी त्यांनी तिथेच सोडून दिली. "आता मी सांगतंय ता आयका. ह्या चेडवान माका पट्टी करून दिल्यान. तेच्याआदी आठ म्हयने यंत्र फडक्याखाली होता. तेवा चूक झाली नाय, कारण काम झाला नाय. सदू माका दिसाक नाय म्हणान मी विचारलंय. तुमचो कोल्हापूरचो ऑपरेटर सदूक वळाकतलो काय?"

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं, "परब, नवीन पट्टी आहे तशी तुम्ही वापराल? वहीसुद्धा सोबत ठेवाल?"

"दोन्ही ठेवतंय."

"मग मला ती हवी आहे," त्या अध्यक्षांना म्हणाल्या. "ऑपरेटर नको."

बैठक तिथेच संपली. पट्टी राहिली, तात्या राहिले. बाहेर व्हरांड्यात साहेबांनी मला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. मी म्हटलं, बरं. खोटं कशाला सांगू, कुडाळच्या एस. टी.त मी रडले. सदूसाठी, नोकरीसाठी, कशासाठी ते मलाही सांगता आलं नसतं. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्या माणसाचा पुढचा फेरा कधी?" सदूच्या प्रत्येक तारखेला मी माझ्या तिकिटाने मालवणला जात राहिले. दीड वर्षाने डॉक्टरीणबाईंनी त्याच्या कागदावर 'उपचार पूर्ण' असं लिहिलं. त्याच्या बायकोने मला त्यानंतरही कधी हाक मारली नाही. तो तिचा हक्क होता.

कंपनीकडे मी अनुभवाचा दाखला मागितला. दोन महिन्यांनी आला. खाली साहेबांची सही आणि शेऱ्याच्या जागी: 'काम समाधानकारक. वरिष्ठांच्या सूचना पाळत नाहीत.' मैत्रिणी म्हणाल्या, हा कुणाला दाखवू नकोस, फाडून टाक.

मी तो घडी करून पिशवीत घातला आणि कुडाळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका काजू कारखान्यात गेले. त्यांनी नुकताच कम्प्यूटर घेतला होता. मालकीणबाईंनी दाखला वाचला, शेरा दोनदा वाचला, मग समोरची खुर्ची दाखवली.

"बस. कुठली सूचना पाळली नाहीस?"

मी सांगितलं. सदूसकट सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. त्या ऐकत होत्या. शेवटी त्यांनी आतल्या खोलीकडे बघितलं. तिथे एका टेबलावर कम्प्यूटर होता, वर नवं कोरं फडकं, आणि आजूबाजूला बायका सुपं घेऊन काजूची प्रतवारी करत बसल्या होत्या.

"त्यांच्यातली एकसुद्धा त्याला हात लावत नाही," त्या म्हणाल्या.

मी उठले, आत गेले आणि त्या बायकांना विचारलं, "तुमी काजी कशे निवडतास, ता माका पयला दाखवा."